सावल्यांच्या घड्या

आईबाईला स्वतःचं मूल एकच, पण तिच्या आवाजाने आजवर किती लेकरांना शाळेत धाडलं आणि किती जणांच्या अंगावर पांघरूण घातलं, याची मोजदाद नाही. सशाच्या पिल्लांची आई ती, सर्कशीतून पळालेल्या हत्तीची आई ती, जहाजावर चोरून चढलेल्या उंदराची आईही तीच. डबिंगच्या कामात आवाजाला चेहरा नसतो, पण नातं असतं. तिच्या आवाजाला ऐन पंचविशीत आईपण चिकटलं ते पुन्हा सुटलंच नाही. स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट तिला 'सार्वजनिक आई' म्हणायचा. त्याचं लोकांनी कधीतरी 'आईबाई' केलं, आणि ती साठीला टेकली तरी दारावरच्या पहारेकऱ्यापासून सगळे तिला याच नावाने हाक मारत.

आयांची वाक्यं मोजकीच असतात. 'जपून जा.' 'अंधार पडायच्या आत घरी ये.' 'काही झालं तरी मी तुझ्या पाठीशी आहे.' हे तिसरं वाक्य कागदावर आलं की समजायचं, आई आता जाणार. आईबाई माइकसमोर इतक्या वेळा मेली होती की मरणाचा सीन असला की रेकॉर्डिस्ट तिला आधी चहा पाजायचा.

"मरून येईपर्यंत गार होतो," असं त्याचं म्हणणं.

बूथ म्हणजे जेमतेम एका माणसाची खोली. भिंतींना राखाडी स्पंज, पायाखाली आवाज गिळणारा गालिचा, समोर पडदा, तोंडापुढे माइक आणि कागदासाठी तिरकं स्टँड. आत जाताना बांगड्या काढून ठेवायच्या, कडक इस्त्रीची साडी नेसायची नाही, आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, कारण पोटातली गुरगुर माइकला आधी ऐकू येते. पडद्यावरच्या चित्राचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. चित्राचे ओठ आणि आपले शब्द एकमेकांत चपखल बसले की रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणतो, "ओठ बसले." आईबाईचे ओठ पहिल्या टेकलाच बसायचे. लोक म्हणत, आईबाईला बोलावलं की दुपारच्या जेवणाआधी घरी जाता येतं.

त्या वर्षी स्टुडिओत एक मोठी मालिका आली, दुसऱ्या भाषेतली, चित्रांची. तिच्यात आभाळाएवढं एक झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना गावं टांगलेली होती. संध्याकाळ झाली की एक लहान मुलगी शिडी खांद्यावर घेऊन फांदी फांदी हिंडायची आणि दिवे लावायची. तिला सगळे दिवेवाली म्हणत. झाडाच्या मुळाशी, जिथे कुठलाच दिवा पोहोचत नाही, तिथे राहायची सावल्यांची राणी. ती वर येऊन माणसांच्या सावल्या काढून न्यायची. ज्याची सावली गेली तो मरायचा नाही. हलका व्हायचा, एका जागी ठरायचा नाही, स्वतःच्या घराचं दार विसरायचा. नेलेल्या सावल्या राणी कपाटांत घड्या घालून ठेवायची.

आईबाई त्यात अर्थातच दिवेवालीची आई होती आणि अर्थातच पहिल्याच भागात वारली. ती चहा पिऊन निघणार, एवढ्यात निरोप आला की राणीचा आवाज द्यायची ती बाई मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेली आणि तिकडेच रमली.

"मावशी, दोन भाग तुम्ही करता?" दिग्दर्शिकेने विचारलं. ही तिशीतली मुलगी, केस पेन्सिलीने वर बांधलेले. "तात्पुरतं. माणूस मिळेपर्यंत."

आईबाईने केलं. घसा खरवडून केलं. गुरगुरली, फिस्कारली, एकदा तर ठसका लागून खाली बसली. आणि पुढच्या आठवड्यात वाहिनीकडून शेरा आला. दिग्दर्शिकेने तो फोनमध्ये बघूनच वाचला, वर न पाहता.

"'राणी घाबरवत नाही. बाजारात भाव करणाऱ्या बाईसारखी वाटते.' मावशी, तुमचा दोष नाही हं यात."

"मग कुणाचा?"

"आवाजाचा."

"तो काय शेजाऱ्यांचा आणलाय मी?"

रेकॉर्डिस्ट हसला. दिग्दर्शिका हसली नाही. "मी नगाऱ्याशी बोललेय," ती म्हणाली. नगारा म्हणजे रंगभूमीवरची एक दणदणीत बाई. तिने विंगेतून नुसतं खाकरलं तरी शेवटच्या रांगेतला माणूस जागा व्हायचा. "त्या करतील पुढचं. तुम्ही सुटलात."

सुटले, असंच आईबाईलाही वाटायला हवं होतं. पर्स उचलून दारापर्यंत ती गेलीही. तिथून वळली.

"मला ही राणी हवी आहे," ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत तिने किती वाक्यं म्हटली, त्यांत एकही असं नव्हतं. चित्रांतल्या आयांना काही नको असतं. त्यांना सगळं दुसऱ्यासाठी हवं असतं. नायकालाही नेमकं काय हवं ते शेवटच्या भागापर्यंत कळत नाही, त्याला कुणीतरी ढकलत नेतं. पहिल्या चित्रापासून छातीवर हात ठेवून 'मला हवं' म्हणणारी असते ती फक्त दुष्ट बाई. दोनच भाग तिच्या तोंडात आपला आवाज घातला आणि आईबाईच्या जिभेला चटक लागली होती.

दिग्दर्शिकेने पेन्सील काढून केस पुन्हा बांधले. "सोमवारी समोरासमोरचा सीन करू. राणी आणि दिवेवाली पहिल्यांदा भेटतात तो. नगाऱ्याचाही करून घेते. दोन्ही वाहिनीला पाठवते. ज्यांचं पसंत पडेल त्यांची राणी. चालेल?"

"चालेल."

"आणि मावशी, त्या पोरीचा द्वेष करा. मनापासून. द्वेष केल्याशिवाय आवाजात विष उतरत नाही."

घरी नवऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर नेला. निवृत्त मुद्रितशोधक माणूस. छापखान्यातून बाहेर पडून वर्षं झाली, तरी औषधाच्या बाटलीवरच्या चुकासुद्धा पेनाने दुरुस्त करायचा.

"खलनायिका," तो म्हणाला. "'यि' ऱ्हस्व."

"अहो, शुद्धलेखन राहू द्या. लोकांना घाबरवायचं कसं ते सांगा."

"मला विचारतेस? मी आयुष्यभर घाबरणाऱ्यांच्या बाजूला होतो."

तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सराव सुरू केला. कणकेचा गोळा समोर ठेवून त्याच्यावर डरकाळी फोडली. थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे होते.

"सगळं ठीक आहे ना?" ते हळूच म्हणाले. "म्हणजे, आवाज आला म्हणून."

"काही नाही, हिचं काम चाललंय," नवरा म्हणाला.

त्या गृहस्थांनी आत एक नजर टाकली, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून जिन्यात गाठ पडली की ते काही न बोलता नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचे.

डरकाळी जमत नव्हती आणि द्वेष तर त्याहून नाही. आईबाई खिडकीपाशी बसून त्या मुलीचं चित्र डोळ्यांसमोर आणायची. दातओठ खाऊन बघायची. पण दिवेवालीच्या नाकावर काजळीचा एक डाग होता, आणि द्वेष करायला बसलं की तो पदराने पुसून टाकावा असंच तिला वाटायचं. असल्या मनाने कुणाच्या सावल्या ओढून काढणार?

त्यातच वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी होतं आणि दवाखाना या घराजवळ होता, म्हणून चार दिवस आधीच त्या राहायला आल्या. एक बॅग, एक छत्री आणि उशी स्वतःची. निवृत्त होईपर्यंत त्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंट आपोआप सरळ निजायचे आणि भेटायला आलेले नातेवाईक, स्वतःला काही झालेलं नसताना, गोळ्या घेतल्या का ते आठवून बघायचे, असं नवरा सांगायचा. तो स्वतः आजही ताईसमोर पाय पसरून बसत नसे.

शनिवारी आईबाई एका साबणाच्या जाहिरातीचं काम आटपून घरी आली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. तिथेच थबकली. सगळे डबे उंचीप्रमाणे लागले होते. झाकणांच्या रंगांचीही रांग होती. चमचे एकाच कुशीवर निजले होते. फडकी, ज्यांना या घरात आजवर आकार असा नव्हता, ती चौकोनी झाली होती.

"वन्सं, हे काय?"

"काही नाही गं. जरा आवरलं." वन्सं खुर्चीत बसून वाळलेले कपडे घडी करत होत्या. "तुला वेळ नसतो ना."

"साखर कुठे आहे?"

"जिथे असायला हवी तिथे."

आवाज अगदी मऊ. आईबाईने तीन डबे उघडले. तिन्हींत डाळी.

"मला माझ्या जागा पाठ होत्या, वन्सं."

"माहीत आहे." वन्संनी भावाचा शर्ट मांडीवर घेतला, कॉलर सरळ केली, बाह्या मागे नेल्या आणि त्याला तळहाताने थोपटलं, झोपवावं तसं. "सवय होती तुला. सवय म्हणजे सोय नव्हे. तुझं तुला कळत नाही गं, फार दमतेस. कपडा बघ, पसरलेला असला की कसा केविलवाणा दिसतो. घडीत आला की शांत होतो."

मग त्या उठल्या, जवळ आल्या आणि आईबाईच्या कपाळावर आलेली बट त्यांनी कानामागे सारली. हात ऊबदार होता. आईबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही. दोन्ही एकदम कसं येतं, हे तिला कळेना. पळून जावंसं वाटत होतं आणि त्या हाताखाली तसंच उभं राहावंसंही.

साखर सापडली नाही. तिने बिनसाखरेचा चहा घेतला आणि गॅलरीत जाऊन बसली. खाली रस्त्यावर सायकली, दिव्याचे खांब, कुत्री, माणसं. उन्हं कलली होती आणि प्रत्येकाची सावली लांब झाली होती. कुणाची गटारात गेली होती, कुणाच्या सावलीवरून रिक्षा जात होती, कुणी दुसऱ्याच्या सावलीवर पाय देऊन खुशाल गप्पा मारत उभं होतं. केवढा हा पसारा, तिच्या मनात आलं. कुणाला काही पडलेलंच नाही.

आणि कप अर्ध्यात राहिला.

राणीला ती पोर नकोशी नव्हतीच मुळी. राणी कुणाला छळायला निघालेली नव्हती, ती आवरायला निघाली होती. तिला खरोखर वाटत होतं की सावली आपल्याकडे, कपाटात, घडीत जास्त सुखी आहे. आणि ज्याला आपलं चुकतंय असं वाटतच नाही, त्याने ओरडायचं कशाला? ओरडतो तो ज्याला भीती असते की समोरचा ऐकणार नाही. राणीला ती भीती नव्हती. तिला वेळही होता आणि मायाही होती. तिच्यापासून वाचणं अवघड होतं ते त्या मायेमुळेच.

सोमवारी नगाऱ्याचं काम आधी होतं. आईबाई बाहेर बाकावर बसून होती. दार जाड, पण त्यातूनही आवाज येत होता, आणि पाण्याच्या पिंपावरचा पेला बारीक थरथरत होता. काय घसा आहे बाईचा, तिला मनापासून वाटलं. नगारा बाहेर आली ती घाम पुसतच.

"जा गं, तुझ्यासाठी गरम करून ठेवलाय माइक," ती म्हणाली, आणि खरोखरच आईबाईची पाठ थोपटून गेली.

बूथमध्ये आईबाईने बांगड्या काढल्या. हेडफोनमधून दिग्दर्शिका बोलली, "मावशी, तयार? डरकाळीपासून घेऊ."

"डरकाळी नको घेऊ या."

"पण चित्रात तिचं तोंड केवढं उघडलंय!"

"जांभई देते मी तिथे. दमलीय ती. केवढं काम असतं तिला."

काचेपलीकडे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने खांदे उडवले आणि लाल दिवा लावला.

पडद्यावर राणी अंधारातून वर आली. दिवेवाली शिडीवर होती, तिचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित झालेला, हेडफोनमधून चढा आणि थरथरता आला, "कोण आहे तिकडे?" आईबाईने जांभई दिली, तोंडावर हात घेतल्यासारखी. मग कागदावर जे होतं तेच म्हटलं. "इकडे ये. तुझी सावली मला दे. तुला तिची गरज नाही." दोन भागांपूर्वी हीच तीन वाक्यं तिने दगड फेकावेत तशी फेकली असती. आता ती अशी म्हणाली जसं कुणी पावसातून आलेल्या मुलाकडे ओले कपडे मागतं. 'गरज नाही' म्हणताना तिला खरंच त्या मुलीची दया आली.

"नाही देणार!" हेडफोनमधली मुलगी ओरडली.

"बरं," आईबाई म्हणाली. हा शब्द कागदावर होता. लेखकाला त्यात काय लपलंय ते माहीत नसावं. आईबाईने तो अगदी सावकाश खाली ठेवला.

शेवटी राणी वळते. फांदीवरचे दिवे तिला सहन होत नाहीत, म्हणून या खेपेला ती परत फिरते, पण जाताना मान वळवून मुलीकडे बघते. ओठ उघडतात, पुन्हा उघडतात, आणि मिटतात. लेखकाने लिहिलं होतं, 'जाते मी.' आईबाईची नजर पडद्यावर होती. कागद बघायची तिला गरज वाटली नाही. समोर एक बाई दाराकडे निघाली होती, आणि दाराकडे निघालेली बाई जे म्हणते ते तिच्या तोंडून आपसूक गेलं.

"येते हं."

हेडफोनमध्ये काहीच ऐकू येईना. तिने काचेकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते तिथेच विरघळून तळाला गेलं होतं आणि त्याच्या चिमटीत नुसती हवा उरली होती.

"मावशी," दिग्दर्शिका म्हणाली, "शेवटी काय म्हणालात तुम्ही?"

"अगंबाई!" आईबाईने जीभ चावली. "चुकलं गं. सवयीने गेलं. परत करू या."

"कागदावर 'जाते' आहे."

"हो ना. पण निघताना 'जाते' कोण म्हणतं? माझ्या तोंडातून तो शब्द दारापाशी फुटतच नाही बघ. थांब, घेते परत. जाते मी, जाते मी, जाते मी." ती पुटपुटून जीभ वळवू लागली.

"थांबा, थांबा. नका करू. मागे घ्या हो जरा."

रेकॉर्डिस्टने मागे नेलं. पडद्यावर राणी पुन्हा वळली. 'येते हं.' शब्दांत काही म्हणता काही नव्हतं. शेजारीण वाटी परत करून निघते, मावशी दोन दिवस राहून निघते, शाळेची रिक्षा आली म्हणून पोर पळत निघते, सगळे हेच तर म्हणतात, आणि सगळे जातात. पण ती अंधारात उभी राहून हसऱ्या तोंडाने तेच म्हणत होती, आणि शब्दाचा खरा अर्थ, जो कुणी कधी ऐकतच नाही, तो तिच्या ओठांवर लख्ख दिसत होता. ती जात नव्हती. ती येत होती.

"मॅडम," रेकॉर्डिस्ट घसा साफ करत म्हणाला, "ओठ बसलेत. 'जाते मी'ला तोंड उघडं राहत होतं. 'हं'ला बरोबर मिटतं."

"ओठांचं सोडा. मला आता खाली पार्किंगमध्ये एकटीने जायचं नाहीये. तुम्ही चला सोबत."

"मी? मीच तुम्हाला म्हणणार होतो."

आईबाईला मात्र हायसं वाटलं नव्हतं. वाहिनीचा कायदा कडक. मंजूर झालेल्या कागदातला शब्द बदलायचा नाही. आणि इथे तर अर्थ पुरता उलटला होता. कागदावर बाई जाते, आवाजात येते. चुकीचं म्हणून वाहिनीने ते बाजूला टाकलं की नगाऱ्याचा सीन तयारच होता, एक शब्द इकडचा तिकडे न झालेला. घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "तुमच्या छापखान्यात अशी चूक झाली तर काय करायचात?"

"कशी?"

"म्हणजे, मजकुरापेक्षा चूकच बरी असली तर."

नवऱ्याने हातातल्या पेनाचं टोपण लावलं. "तसं व्हायचं कधीकधी," तो म्हणाला. "मी दुरुस्त करून टाकायचो." मग जरा थांबून, "आता वाईट वाटतं."

मंगळवारी वन्संचं ऑपरेशन ठीक झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि टीव्ही, वाचन, शिवण, सगळ्याला मनाई केली. वन्सं दिवाणखान्यात खुर्चीत ताठ बसून राहू लागल्या आणि घराचे आवाज ऐकून घर चालवू लागल्या. "नळ नीट बंद झाला नाही." "दुधाखालचा गॅस मोठा आहे." नवरा टाचा उचलून चालायला लागला.

बुधवारी दुपारी दिग्दर्शिकेने तो सीन आईबाईच्या फोनवर पाठवला. वाहिनीकडून अजून काही नाही, असंही लिहिलं. नवऱ्याला ऐकायची भारी घाई. त्याने तो दिवाणखान्यातच मोठ्याने लावला, आणि आईबाई हात पुसत धावत येईपर्यंत राणीची जांभई देऊन झाली होती.

"अहो, बंद करा! वन्संना विश्रांती..."

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "मनाई डोळ्यांना आहे, कानांना नाही."

सीन पुढे सरकला. आईबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. 'तुला तिची गरज नाही' झालं. 'बरं' झालं. 'येते हं' झालं. वन्सं काळ्या चष्म्याआड निश्चल.

"ही बाई कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मालिकेतली आहे, ताई," नवरा बायकोकडे बघत म्हणाला. "सावल्या पळवते लोकांच्या."

"पळवते कशाला म्हणतोस? मागितली ना तिने सरळ? ती पोरच उगाच हट्टाला पेटलीय. दिली असती तर नीट ठेवली असती बाईने."

"अगं ताई, राक्षसीण आहे ती!"

"असेल. पण कामाची आहे." वन्संनी मान किंचित कलती केली. "आणि आवाज ओळखीचा वाटतोय."

आईबाईने चौकट घट्ट धरली.

"आमच्या जुन्या मेट्रनबाई अशाच बोलायच्या," वन्सं म्हणाल्या. "मी नवी नर्स होते तेव्हा. कधी ओरडल्या नाहीत. एकदा माझ्या टोपीची टाचणी वाकडी होती. त्या आल्या, काढली, सरळ लावली, 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. मला दोन दिवस घास उतरला नाही. आणि माझी आई गेल्याचं कळलं तेव्हा गाडीत बसवायच्या आधी माझे केस त्यांनीच विंचरले. एक शब्द न बोलता."

"म्हणजे मनाने चांगल्या होत्या की," आईबाई म्हणाली.

"छे गं. सगळ्यांना रडवायच्या. पोरी घाबरून पळायच्या त्यांना बघून."

"मग?"

"मग काय. तिथे चांगल्या बायका पुष्कळ होत्या. एकीचंही नाव आठवत नाही मला आता. यांची मात्र चप्पलसुद्धा आठवते."

तेवढ्यात नवऱ्याच्या हातातला आईबाईचा फोन वाजला आणि तिने तो घेतला. दिग्दर्शिका इतकी मोठ्याने बोलत होती की तो कानाला लावायचीही गरज नव्हती.

"मावशी! वाहिनीने मुलं बसवली होती, दोन्ही सीन दाखवायला. नगारामावशींच्या वेळी पोरांनी धमाल केली, टाळ्या काय, शिट्ट्या काय. तुमच्या वेळी सगळी गप्प! एका मुलीने पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि खाली वाकून बघत बसली, आपली सावली आहे का म्हणून. आणि एकीने काय विचारलं सांगू? की त्या राणीकडे इतक्या सावल्यांना पुरतील एवढी कपाटं आहेत का!"

"बिचारी," आईबाई म्हणाली. "पण 'येते'चं काय म्हणाले?"

"तेच तर! साहेब म्हणाले, चूक आहे, पण दुरुस्त कराल तर याद राखा. राणी तुमची, मावशी. शेवटच्या भागापर्यंत."

आईबाई खाली बसली. नवऱ्याने डोळे टिपले आणि चष्म्याला दोष दिला.

"कुणाचा फोन?" वन्संनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कामाचा, वन्सं. ती राणी मीच आहे. मिळाली मला."

वन्संनी मान तिच्याकडे वळवली. काळ्या चष्म्याआड त्या काय बघत होत्या कोण जाणे. "म्हणजे तू एवढी वर्षं उगाचच आया करत होतीस," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत याला कौतुक म्हणतात, हे कळायला आईबाईला जरा वेळ लागला. "शेवटी काय होतं तिचं?"

"हरते."

"कुणाकडून?"

"त्या मुलीकडूनच. ती कपाटं उघडते, सगळ्या सावल्या उडून जातात."

"त्या पोरीकडून?" वन्सं खुर्चीत सावरून बसल्या. "जिला समोरच्याचं बोलणं धड ऐकूनही घेता येत नाही, तिच्याकडून? आणि एवढ्या घड्या घातलेल्या, त्या सगळ्या विस्कटून टाकायच्या?"

"गोष्टच तशी आहे हो."

"लिहितं कोण?"

"मूळ दुसरीकडे लिहिलेलं असतं. इथले संवाद एक जण लिहितो."

"त्याचा नंबर दे."

"वन्सं, त्याच्या हातात काही नसतं!"

"नसेल. मी काय ओरडणार आहे का त्याला? नुसतं विचारते."

आईबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वर्तमानपत्र उघडून स्वतःपुढे धरलं, उलटं. इकडे वन्संचा हात पुढे झालाच होता. आईबाईने नंबर लावून फोन त्या हातात दिला. वन्संनी तो कानाशी नेला, पाठ सरळ केली आणि पलीकडची घंटा ऐकत शांतपणे थांबल्या. त्या थांबण्यातच एवढं काही होतं की आईबाईला त्या लेखकाची कणव आली.

पलीकडे कुणीतरी 'हॅलो' म्हणालं. आईबाईने पायाचा आवाज न करता खुर्ची ओढून जवळ घेतली आणि कान दिला.